सदतिसावरचा काटा

१

दिपालीच्या आईची, मंजुळाबाईंची, अट एकच होती. काटा बसल्याशिवाय जीप फाटकाबाहेर जाणार नाही.

"इंजन किती तापलं ते दावणारा काटा," त्या म्हणाल्या. "तुझ्या आबांच्या गाडीला नव्हता. असता तर..."

पुढचं त्या कधी बोलत नसत. तीन वर्षं ते वाक्य तिथंच तुटत होतं.

दोन हजार सोळाचा मे महिना होता. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं आणि औरंगाबादेत नळाला पाचव्या दिवशी धार लागली तर नशीब. मिटमिट्याच्या ज्या माळावर दिपालीच्या आजोबांनी मेंढरं चारली, तिथं आता सात-सात मजली इमारती उठल्या होत्या. त्यांची नावं तळ्यांची नि झऱ्यांची, आणि दारात दिवसभर टँकरची रांग. त्या इमारतींच्या मागं, पत्र्याच्या शेडमध्ये, तिच्या वडिलांची, सूर्यभान आबांची, जीप तीन वर्षं तशीच उभी होती.

दिपाली चार वर्षं जर्मनीत, स्टुटगार्टला राहून जमिनीखालच्या पाण्याचं शास्त्र शिकून आली होती. तिकडं नोकरी मिळत होती, ती तिनं घेतली नाही. गंगापूर तालुक्यातल्या शंभर विहिरींची पातळी पावसाआधी मोजायची, कुठं किती पाणी उरलंय याचा नकाशा करायचा आणि तो गावागावांत भिंतीवर रंगवायचा, असं तिनं ठरवलं होतं. रात्री झोपताना तिला तो नकाशा डोळ्यांपुढं दिसायचा. त्या कामाला गाडी हवी होती. आणि गाडी म्हटलं की तिच्या मनात दुसरी कुठली गाडी येतच नव्हती.

काटा विकत घ्यावा लागला नाही. तो तिच्या बॅगेतच होता, खोक्यात, न उघडलेला.

तीन वर्षांपूर्वी, एप्रिलमध्ये, आबांचा फोन आला होता. "तिकडं गाड्यांचं सामान लई अस्सल मिळतं म्हणतेत, दिपा. एक टेंपरेचरचा काटा बघ की. घाई नाय. येशील तवा आण." तिनं त्याच आठवड्यात तो घेतला. पोस्टानं पाठवायचा विचारही केला. पण आबा घाई नाही म्हणाले होते, आणि जुलैत ती येणारच होती. खोकं कपाटात ठेवलं. मे महिन्याच्या शेवटी काकांचा फोन आला.

आबांनी आयुष्यभर इंजिन हातानं पाहिलं. पडेगाव ते लासूर स्टेशन उतारू नेणारी त्यांची जीप चढाला तापायची. मग आबा गाडी कडेला घ्यायचे, उतरून बॉनेटवर तळहात ठेवायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. उतारू बाभळीखाली पसरायचे. कुणी चुना-तंबाखू काढायचं, कुणी हटकायचं, "सूर्यभान, गाडीला ताप हाय का सर्दी?" आबा हसायचे, पण हात काढायचे नाहीत. गाडी निवली की बॉनेटवर दोन थापा, ठप, ठप. "चला बसा!" लहानपणी सुट्टीत दिपाली पुढच्या सीटवर पेंगत असायची. त्या दोन थापांनी ती जागी व्हायची.

२

कडुबा मिस्त्री आपलं जाफर गेटजवळचं गॅरेज बंद ठेवून घरी आला. आबांचा तो जुना दोस्त. आला तो थेट शेडमध्ये गेला, जीपच्या मडगार्डवर हात फिरवला आणि बराच वेळ नाक पुसत राहिला.

"दाखव बरं तुझं जर्मन घड्याळ," शेवटी तो म्हणाला.

दिपालीनं खोकं उघडलं. काळी तबकडी, पांढरे आकडे, वीसपासून एकशेवीसपर्यंत, मधे दोन-दोन अंशांच्या बारीक रेघा. मागून निघालेली सुतळीएवढी बारीक तांब्याची नळी आणि तिच्या टोकाला पितळी बोंड.

"वायर नाही, बॅटरी नाही, मामा. हे बोंड इंजिनच्या पाण्यात बुडतं. पाणी तापलं की नळीतलं द्रव फुगतं आणि काटा सरकतो. एवढंच."

"म्हंजी खोटं बोलायला जागाच नाय त्याला," कडुबा म्हणाला. "बरं हाय. माणसापरीस बरं."

त्यानं आधी बोंड मंजुळाबाईंच्या चुलीवर उकळत्या आधणात धरलं. काटा सरसर चढून शंभराला थोडा कमी असा थांबला. मग माठातल्या पाण्यात धरलं, तो चोविसाला उतरला. कडुबानं मान डोलावली.

इंजिनच्या डोक्यावरचा जुना बूच काढायचा तर आधी पाणी उतरवणं भाग होतं. कडुबानं रेडिएटरखाली घमेलं सरकवलं आणि तोटी सोडली. पाणी आलं. कोऱ्या चहासारखं लालसर. घमेलं भरलं, दुसरं भरलं, तरी येतच राहिलं.

"आयला," कडुबा म्हणाला. "तीन सालं उभी गाडी. आटाया पाहिजे व्हतं. ह्यो तर गळ्यापर्यंत भरलेला."

"झाकण घट्ट असेल," दिपाली म्हणाली. "हे टाकून देऊ मामा. ताजं भरू."

कडुबानं आणि आईनं एकदमच तिच्याकडं पाहिलं.

"टाकून?" आई म्हणाली. "टँकर परवा यायचाय, बाई. जर्मनीत टाकत असतील."

दुष्काळात इकडचे मिस्त्री गाडीतलं पाणी फेकत नाहीत. काम होईस्तोवर झाकून ठेवतात, धोतराच्या फडक्यानं गाळतात आणि तिचं तिलाच परत घालतात. दिपालीला स्वतःची लाज वाटली, आणि मग भरून आलं. याच शहाणपणासाठी तर ती परत आली होती! तिनं स्वतः फडक्याचं टोक धरलं. गंज फडक्यावर राहिला, पाणी खाली उतरलं.

दोन तास काम चाललं. बोंड पितळी अडॅप्टरमधून इंजिनात गेलं. नळी मुडपू नये म्हणून कडुबानं ती दोन बोटांवर गुंडाळून वळसे दिले, मधल्या पत्र्याला भोक पाडलं, रबर बसवलं आणि नळी आत ओढून घेतली. स्टिअरिंगच्या शेजारी, आबा देवाचा फोटो लावायचे त्याच्या खाली, तबकडी बसली. मग गाळलेलं पाणी तांब्यातांब्यानं रेडिएटरमध्ये परत गेलं. शेवटचा तांब्या आईनं ओतला.

३

त्याच संध्याकाळी दिपालीनं आईला दौलताबादच्या घाटापर्यंत फिरवून आणलं. काटा ऐंशीला गेला, चढाला पंच्याऐंशी, उतारावर परत ऐंशी. अगदी शहाण्यासारखा. आईची नजर रस्त्यावर नव्हतीच, तबकडीवर होती.

"ह्या वळणावर थांबायचे ते," एका ठिकाणी आई म्हणाली. "मला सीताफळं घेऊन द्यायचे. मागं उतारू वरडायचे, सूर्यभान, बायकोला घरी खाऊ घाल."

दारातून आत येताना आईनं जीपला कौतुकानं थोपटलं. जीपच्या बाजूला आबांची छागळ अजून लटकत होती, जाड किंतानाची, प्यायच्या पाण्याची. वाळून कडक झालेली.

"ही भिजत घालते," आई म्हणाली. "सोमवारपासून जा तुझ्या हिरी मोजाया."

सकाळी साडेसहाला दिपाली टेप आणि वही ठेवायला शेडमध्ये गेली. हवेत गारवा होता, पत्र्यावर साळुंक्या नाचत होत्या. तिनं सहज तबकडीकडं पाहिलं.

काटा छत्तीस आणि अडतीसच्या रेघांच्या बरोबर मधे होता.

तिनं बॉनेटवर हात ठेवला. पत्रा थंडगार. रात्रभर गाडी बंद होती. तिनं तबकडीवर टिचकी मारली. काटा थरथरला आणि परत तिथंच आला, जसा झोपेत कूस बदलून कुणी पुन्हा शांत व्हावं.

४

कारण असणारच. कारण नसलेली गोष्ट नसते, ते शोधायचे कष्ट आपण घेतलेले नसतात, असं तिचे तिकडचे प्राध्यापक म्हणायचे आणि ती ते मनापासून मानायची.

तिनं आईच्या नकळत जीप जाफर गेटला नेली. दोन तास इंजिन निवू देऊन कडुबानं बोंड काढलं आणि बादलीत धरलं. काटा सव्वीस. बादलीत सव्वीसच होतं. परत इंजिनात घातलं. इंजिन थंड, सकाळची वेळ. काटा हळूहळू चढला आणि सदतिसाला थांबला.

"नळी कुठं दबली असंल," कडुबा म्हणाला. पण त्यानं ते पुटपुटत म्हटलं, आणि नळी तपासली नाही.

पुढचे चार दिवस ती वहीत लिहीत राहिली. सोमवार आला, गेला, विहिरी राहिल्या. आईला तिनं सांगितलं की नकाशाचे कागद यायचेत. सकाळी सहाला सदतीस. आठला सदतीस. दहापर्यंत सदतीसच. अकराला अडतीस. मग उन्हं चढतील तसा काटाही चढायचा. यात नवल नव्हतं, पत्र्याची शेड, मे महिना. पण एका दिवशी तिनं जीप शेजारच्या इमारतीच्या तळघरात नेऊन उभी केली. तिथं दुपारीही तीस अंशांच्या वर जात नव्हतं. तिथंही काटा बाराला साडेएकोणचाळीसवर गेला, एकनंतर एक्केचाळीसच्या पुढं. दोन वाजता तो बेचाळिसाच्या रेघेला टेकला आणि तिथंच बारीकसा थरथरत राहिला. पावणेतीनला थरथर थांबली. मग तो उतरू लागला, सावकाश, न थांबता, तळघरातल्या हवेइतका होईपर्यंत. संध्याकाळी दिवे लागले की परत सदतीस.

रोज तसंच. रोज पावणेतीन.

ती त्या तळघरात जमिनीवर पाठ टेकून बसली होती. टँकर रिकामा करणाऱ्या मोटारीचा आवाज वरून येत होता. मोटार बंद झाली तेव्हा तिला दुसरा आवाज ऐकू आला. जीपच्या पुढच्या जाळीतून येणारा, कोरडा, लयीतला. घशाला कोरड पडलेल्या माणसानं तोंडानं श्वास घ्यावा तसा.

तापलेलं लोखंड निवताना वाजतं, तिनं स्वतःला सांगितलं. आणि मग तिच्या लक्षात आलं, हे लोखंड तापलेलंच नव्हतं.

स्टुटगार्टच्या पहिल्या हिवाळ्यात ती आजारी पडली होती. वसतिगृहातल्या मैत्रिणीनं थर्मामीटर लावून सांगितलं होतं, "सदतीस. आता ताप उतरला. हे माणसाचं नेहमीचं." तिनं वही मिटली.

त्या दिवशी तिनं तबकडीवर आजोबांचं घोंगडं टाकलं. आई शेडमध्ये आली तर दिसू नये म्हणून, असं ती स्वतःला म्हणाली. आईला कळलं असतं तर जीप भंगारात गेली असती. आबांचं असं तेवढंच उरलं होतं.

५

"मामा, मला एक खरं सांगा," तिनं कडुबाला विचारलं. ती गॅरेजच्या बाकड्यावर बसली होती. "त्या दिवशी गाडी आणायला तुम्ही गेला होता ना?"

कडुबानं हातातला पाना खाली ठेवला.

दिपालीला एवढंच माहीत होतं, आणि ते आईनं फोनवर सांगितलेलं. लासूर स्टेशनला उतारू सोडून आबा परत निघाले. एक म्हातारी गुडघ्यांनी अधू होती म्हणून मुख्य रस्ता सोडून तिला माळावरच्या तिच्या वस्तीपर्यंत पोचवलं. परतताना गाडी तापली. आबा थांबले. ऊन लागलं. छागळ रिकामी होती. पाणी पिऊन, शांतपणे, बाभळीला टेकून गेले.

"छागळ रिकामी व्हती, हे खरं," कडुबा म्हणाला. "पण मी झाकण उघडून बघितलं व्हतं, पोरी. रेडिएटर भरलेला व्हता. काठोकाठ."

गॅरेजच्या दारातून रिक्षा जात होत्या. कुणीतरी कुणाला तरी हिंदीत शिवी घातली.

"म्हणजे प्यायचं पाणी..."

"गाडीला घातलं त्यानं. त्याला वाटलं असंल, धा मिन्टात निवंल, घरी जाऊन पिऊ. हात ठिवून उभा राहिला असंल. आता त्या उन्हात बॉनेट काय निवतंय? पत्रा वरनं बी तापतोय. आतलं पाणी कवाच निवलं असंल, गाडी कवाच निघाली असती. पण हाताला कसं कळावं?" तो थांबला. "काटा असता तर..."

आईचं तुटलेलं वाक्य त्याच्या तोंडात आलं आणि तिथंही तसंच तुटलं.

दिपालीला ते पूर्ण करता येत होतं. काटा होता. स्टुटगार्टला, दुसऱ्या मजल्यावर, कपाटात, लोकरी मोज्यांच्या शेजारी.

"पाणी काढून टाकू आपण," कडुबा हलक्या आवाजात म्हणाला. "हिरवं कूलंट घालू. मंग बघू काटा काय म्हणतोय."

तिला हो म्हणवेना. आबांनी तोंडाचं काढून ठेवलेलं ते पाणी. तिनंच फडकं धरून गाळलेलं. जाफर गेटच्या गटारात ते सोडायचं?

६

ती रिक्षानं घरी आली तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. हात धुऊन ती शेडमध्ये गेली, तर आई ड्रायव्हरच्या सीटवर बसलेली. घोंगडं मांडीवर. समोर काटा बेचाळिसाला टेकलेला, थरथरत.

"कवाधरनं?" आईनं विचारलं.

"काटा बसवला त्या रात्रीपासून."

"मला सांगितलं नाय."

"तू गाडी भंगारात घातली असतीस."

"व्हय. घातली असती."

आई उतरली. जीपच्या पुढं गेली आणि बॉनेटवर हात ठेवला. तळहात नव्हे, हाताची उलटी बाजू. माहेरी कळपातलं एखादं मेंढरू मलूल झालं की त्याच्या कानामागं ती असाच हात लावायची.

"ताप हाय," ती म्हणाली.

"आई, बाहेर ऊन आहे, पत्रा—"

"मला उन्हातला पत्रा नि तापातलं आंग कळत नाय का?"

जाळीतून तो कोरडा आवाज येत होता. तो आईलाही ऐकू येतोय हे तिला आईच्या मानेवरून कळलं.

"पाणी पिले नव्हते ते," आई म्हणाली. "मी ओठ बघितले व्हते. फुटलेले. छागळ रिकामी निघाली म्हणून मीच समद्यांला सांगितलं, पाणी पिऊन गेले. तुला बी तेच. तू तिकडं एकटी व्हतीस. तुला काय सांगू?"

"काटा माझ्या कपाटात होता, आई. मी पाठवला नाही."

"ठावं हाय. फोन झाल्यावर गावभर सांगत हिंडले, पोरीनं काटा घेतलाय म्हणून. मला म्हणले, आता बघ, तिथनं विमानात बसून काटा येतोय आपल्या गाडीला." आईच्या तोंडावर हसू आलं आणि तिथंच थिजलं. "घाई नाय, असं त्यांनीच म्हणलं व्हतं ना? मंग."

आई परत तबकडीसमोर येऊन उभी राहिली. पावणेतीनला आवाज थांबला. काटा उतरू लागला. आई त्याच्याकडं बघत होती. तीन वर्षांपूर्वी जे तिला बघायला मिळालं नव्हतं, ते.

"रोज?" तिनं विचारलं.

"रोज."

"रोज तेच सोसतेत," आई म्हणाली. "आन् त्यांचं पाणी आपण आडवून ठिवलंय. गाळून, मोजून परत आत घातलं. मी माझ्या हातानं घातलं." तिनं घोंगड्याची घडी केली. "उद्या जायचं. जिथं थांबले तिथं. त्याच टायमाला."

७

दुसऱ्या दिवशी एकच्या सुमाराला त्या निघाल्या. रेडिएटरसाठी ताज्या पाण्याचा एक कॅन मागं ठेवला. भिजवून मऊ झालेली छागळ भरून बाजूला टांगली, ती दोघींना प्यायला. त्यापेक्षा जास्त पाणी घरात नव्हतंच.

मिटमिटा मागं पडला, माळीवाडा गेला. काटा ब्याऐंशीवर. रस्त्याकडेला प्लॉटच्या जाहिरातींचे फलक, त्यांवर हिरवीगार झाडं. फलकांच्या सावलीत शेळ्या. लासूरच्या अलीकडं दिपालीनं गाडी माळाच्या कच्च्या रस्त्याला घातली. आई सांगत होती, "डावीकडं घे. आता सरळ." ती इथं याआधी एकदाच आली होती, तरी तिला सगळं पाठ होतं.

बाभूळ एकटीच होती. सावली अशी नव्हतीच, जमिनीवर जाळीसारखं काहीतरी पडलं होतं. दिपालीनं इंजिन बंद केलं.

काटा पडला. ऐंशी, सत्तर, पन्नास. इंजिन इतकं भरभर निवत नसतं, बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हात तर नाहीच, हे तिला माहीत होतं. दोन मिनिटांत तो बेचाळिसाच्या रेघेला टेकला आणि थरथरू लागला. वारा नव्हता. होला घुमत होता, तोही थांबला. मग जाळीतून तो श्वास, आता अगदी जवळून.

"उतर," आई म्हणाली.

दिपाली बंपरखाली एका कुशीवर आडवी झाली. माती चटका देत होती. तिनं हात वर घालून तोटी चाचपली आणि फिरवली. लाल धार खाली आली, तिच्या बोटांवरून. ऐंशी अंशांचं पाणी असतं तर हात भाजला असता. हे पाणी कोमट होतं. तापातल्या माणसाच्या कपाळासारखं.

तिनं हात बाजूला घेतला आणि धार सरळ पडू लागली.

पडली नाही.

जमिनीच्या वीतभर वर ती धार संपत होती. शिंतोडा नाही, ओल नाही. खाली तीच भाजलेली माती, त्यावर एक मुंगळा चाललेला. धारेचं टोक रुंदावून बशीएवढं पसरत होतं आणि तिथंच नाहीसं होत होतं. ओंजळीत पाणी पडावं तसं. आणि मग तिला तो आवाज आला. घोट घेतल्याचा. एक. आणखी एक. घाईघाईनं, मध्ये श्वासाला न थांबता.

ओरडावं असं तिला वाटलं. सरपटत मागं व्हावं, पळावं असंही वाटलं. पण धारेचं टोक इतकं सावधपणे थरथरत होतं, एक थेंबही वाया जाऊ नये अशा बेतानं, की ती हलली नाही. आबा असेच प्यायचे. नळावर, टाकीवर, कुठंही.

धार बारीक झाली. तुटक झाली. थेंब, मग तोही नाही. रेडिएटर संपला.

घोटांचा आवाज थांबला नाही. फक्त आता त्यात पाणी नव्हतं.

"आई," दिपाली म्हणाली. "पुरलं नाही."

छागळ सोडल्याचा आवाज आला. मग आईचे पाय, मग आई स्वतः, गुडघ्यांवर बसून, पदर मातीत. दिपालीनं तिचं मनगट धरलं.

"आपल्याला प्यायला दुसरं नाही, आई. कॅन गाडीला लागेल. लासूर लांब आहे."

"ठावं हाय."

आईनं छागळीचं तोंड उघडलं आणि जिथं धार संपत होती त्याच्या वर धरलं. स्वच्छ, गार पाणी. तेही वीतभर वर नाहीसं झालं. घोट सावकाश झाले. मोठे, तृप्त. छागळ अर्धी झाली, पाव झाली. दिपाली मनात मोजत होती, आपल्या दोघींचं काय होईल ते, आणि मग तिनं मोजायचं सोडलं. आईचं मनगटही सोडलं.

"पी," आई कुजबुजली. जन्मभर नवऱ्याला अहो म्हणणारी आई. "पी. सावकाश."

आणि मग पाणी खाली पडलं.

साधं पडलं, मातीत. धूळ उडाली, काळा ठिपका पसरला, ओल्या मातीचा वास आला. मुंगळा बाजूला पळाला. आईनं पटकन छागळ उभी केली. तळाशी चार घोट उरले होते.

दोघींनी ते दोन-दोन घेतले.

दिपालीनं तोटी बंद केली आणि कॅनमधलं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं. एक थेंबही सांडला नाही. आई आधीच आत जाऊन बसली होती, मांडीवर रिकामी छागळ घेऊन, समोर बघत. दिपाली आपल्या बाजूनं चढली आणि दार ओढून घेतलं. घड्याळात पावणेतीन होत आले होते. काटा बेचाळिसाच्या रेघेवर होता, पण थरथरत नव्हता. बाहेरच्या उन्हाइतकाच होता, की अजून कुणाचा तरी ताप होता, हे त्या घटकेला कुठल्याच शास्त्राला सांगता आलं नसतं. चावी फिरवावी की थांबावं, तिला कळेना. इतकी वर्षं शिकूनही तिला ते कळेना.

तिनं काचेतून पुढं पाहिलं. बॉनेटवरच्या धुळीत, मधोमध, पाच बोटांचा ओला ठसा होता. बघता बघता तो वाळत चालला होता.

पत्र्यावर दोन थापा पडल्या.

ठप, ठप.

"चल," आई म्हणाली. "निवली म्हणतेत."